जारवरची रेघ

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात सध्या तीन बाटल्या व्हिनेगर आहे. सफरचंदाचं, घरी केलेलं. कोणी आलं की मी कौतुकानं एक बाटली पुढे करते आणि "कसं केलं?" असा पुढचा प्रश्न आला की विषय बदलते. कारण रस आणि व्हिनेगर यांच्या मधले काही दिवस ते जे काही होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी सव्वीस वर्षं काढली आहेत. तिथल्या बाटल्यांवरची लेबलं पुसली गेली तरी माझं अडत नाही. घरच्या एका जारनं मात्र मला पार चक्रावून टाकलं.

सुरुवात माझ्या शुगरपासून झाली. डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरवर आहे, जपा." आमच्या ह्यांनी लगेच मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि संध्याकाळपर्यंत शोध लावला की सकाळी कोमट पाण्यातून सफरचंदाचं व्हिनेगर घेतलं की शुगर वठणीवर येते. खरं-खोटं त्या मोबाईललाच माहीत. मेडिकलमध्ये जाऊन मी बाटली हातात घेतली, किंमत वाचली आणि होती तिथे ठेवून दिली. आंबलेल्या पाण्याला एवढे पैसे मोजायला माझं डोकं फिरलेलं नव्हतं. "मी घरी करते," असं दुकानातच जाहीर करून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. आधी बोलून बसायचं आणि मग महिनाभर निस्तरायचं.

आमच्या नेवाशाकडे ऊस, कांदा, कपाशी. सफरचंद येतं ते काश्मीरकडून ट्रकनं, आणि फाट्यावरच्या गाड्यावर पोचेपर्यंत निम्म्या मालाला मार लागलेला असतो. आमच्या कॉलेजच्या शिपायाचा मेहुणा तिथे फळं विकतो. "म्याडम, डागी माल हाय, पन आतून लई गोड हाय. न्या, न्हाईतर शेळ्यांलाच घालायचाय," म्हणत त्यानं दोन पेट्या जवळजवळ फुकटात दिल्या. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जुना जार माळ्यावर पडून होता. माशांच्या टाकीला लावतात ती नळी मिळाली, बेकरीवाल्याकडून यीस्टचं पाकीट मिळालं, साखर घरातली. एका बाटलीच्या खर्चात वीस लिटरची सोय झाली म्हणून मी खुशीत होते.

मग कसं करायचं ते बघायला व्हिडिओ लावला. त्यातला माणूस फळं धुऊन, चिरून, मिक्सरला लावून, गाळून, साखर-यीस्ट घालून जार भरतो इथवर सगळं सोपं होतं. मग तो म्हणाला, "दोन-तीन आठवड्यांत तुमचं सायडर तयार. इथे थांबायचं तर थांबा, व्हिनेगर हवं असेल तर पुढे चला." मी व्हिडिओ थांबवला. सायडर म्हणजे काय ते शोधलं. थंड देशात सफरचंदाची करतात ती दारू. म्हणजे रसातून थेट व्हिनेगर होतच नाही, वाटेत दारूचं गाव लागतंच. रसायनशास्त्राच्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

आता आमचं घर कसलं ते सांगायला हवं. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. दर रविवारी संध्याकाळी विहारात वंदना असते, आणि पंचशीलातलं पाचवं शील दारूपासून, नशा आणणाऱ्या सगळ्यापासून दूर राहण्याचं आहे. आमच्याकडे ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. आमच्या घरात त्याची किंमत मोजलेली आहे, आणि ती मोजणारे माझे वडील, आबा, आमच्याकडेच राहतात. मला भाऊ नाही, म्हणून आई गेल्यावर मी त्यांना घेऊन आले.

आबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. मळी आंबवायच्या टाक्यांवर त्यांनी तीस वर्षं काम केलं. आणि तीस वर्षं ते प्यायले.

आईची एक पद्धत होती. ड्युटी संपवून आलेल्या आबांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं. आई स्टोव्हपुढून उठायची नाही, मला पाठवायची. "जा गं, बापाचं तोंड हुंगून ये." मी सात-आठ वर्षांची असेन. आबा वाकायचे आणि "हा" करून माझ्या तोंडावर श्वास सोडायचे. वास आला तर त्यांना ताट नाही, बाहेर बाजेवर झोपायचं. नाही आला तर आत. निकाल द्यायची मी.

गोंधळ असा होता की डिस्टिलरीतल्या माणसाच्या शर्टालाच तो वास असतो. केसांना असतो, पायताणाला असतो. तोंडाचा कुठला आणि शर्टाचा कुठला, हे मला कधीच कळलं नाही. शेवटी मी कळायची वाट बघणं सोडलं. मागे वळून ओरडायचे, "न्हाई येत!" पुढे पुढे तर ड्युटी सुटायच्या वेळेला मी कॉलनीतल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहायचे. पेरूचं पान चावलं की वास मरतो, हे मला शेजारच्या मुलींनी शिकवलं होतं. त्यांचे बापही डिस्टिलरीतच होते. आबा आले की मी त्यांच्या हातावर दोन पानं ठेवायचे. ते चावायचे, मान फिरवून थुंकायचे आणि मग आम्ही दोघं घराकडे निघायचो. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी आईला फसवत होते, की बापाला वाचवत होते, की नुसती भांडणाला भीत होते?

आई गेली त्या दिवसापासून आबांनी दारूला हात लावला नाही. तोंड हुंगणारं कोणी उरलं नाही तेव्हा त्यांनी सोडली. वीसेक वर्षं होऊन गेली. आता विहारात ते पुढे बसून शील सांगतात आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून म्हणतो. अशा माणसाच्या खोलीच्या भिंतीला लागून मी वीस लिटरचा जार आंबवायला ठेवला. "आपण व्हिनेगर करतोय, दारू नव्हे," असं मी स्वतःला बजावत होते. इतक्या वेळा बजावत होते की मलाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जारच्या तोंडाला लावलेल्या नळीतून शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुटायला लागले. बुडूक, बुडूक. आवाज ऐकून आबा आले.

"काय करती गं?"

"व्हिनेगर, आबा. शुगरसाठी."

ते वाकले, वास घेतला, जारला कान लावला. मग म्हणाले, "लई गच भरलाय. फेस वर आला की नळी तुंबंल. चार तांबे काढ. आन ह्याला वलं गोनपाट गुंडाळ. ताप चढला की मरतंय हे."

मी रस काढला. त्यांनी स्वतः गोणपाट भिजवून आणलं, जारला गुंडाळलं आणि नवजात पोराला हात लावावा तसा हात लावून बघितला. मी आबांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं. त्यांचा नुसता वास घरी यायचा. त्या दिवशी आम्ही दोघं एका जारपुढे, एकाच खात्यात नोकरीला असल्यासारखे उभे होतो, आणि मला इतका आनंद झाला की लगेच भीतीही वाटली.

कॉलेजातला घनता मोजायचा हायड्रोमीटर फुटलेला होता, म्हणून मी गल्लीतल्या दूध संकलन केंद्रातून लॅक्टोमीटर मागून आणला. दुधात पाणी घातलंय का ते पकडायचं यंत्र. ते रसात सोडलं तर अगदी वर उचललं गेलं आणि आडवं व्हायला लागलं. आबा हसले. "साखर हाय न्हवं अजून. साखर सरली की बुडंल बघ." रोज सकाळी आम्ही ते सोडून बघायचो आणि ते खरंच रोज थोडं थोडं बुडायला लागलं.

मात्र एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत होती. आबांची खुर्ची. ती एरवी ओट्यावर असायची, रस्त्याकडे तोंड करून. ती आता स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. पेपर तिथे, चहा तिथे. "हितं कशाला बसलाय, आबा?" विचारलं तर म्हणाले, "बुडबुडं मोजतोय. मिनिटाला किती हे बगायचं असतंय." मला ते पटलं. आणि पटलं नाही. तीस वर्षांची सवय म्हणून बसले असतील, की तीस वर्षांच्या दुसऱ्या सवयीनं? मी कॉलेजात असताना दुपारभर घरात ते आणि जार दोघंच असायचे.

एका सकाळी मी प्रयोगशाळेतला पक्का मार्कर आणला आणि रस जिथवर होता तिथे जारवर एक रेघ मारली. "किती उरतं ते कळायला," असं मी ह्यांना सांगितलं. आबा पेपर वाचत होते. त्यांनी रेघेकडे बघितलं, माझ्याकडे नाही बघितलं. मला लाज वाटली, पण रेघ काही मी पुसली नाही.

मधल्या एका रविवारी वंदना संपल्यावर विहारात पाली शिकवणाऱ्या मास्तरांना मी आडून विचारलं, "मास्तर, व्हिनेगर चालतं का हो आपल्याला?"

"चालतं की. न चालायला काय झालं?"

"आणि व्हिनेगर व्हायच्या आधीचं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शिलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत, ताई. सुरा धान्याची. मेरय फळा-फुलांचं, मधाचं, गुळाचं."

"सफरचंदाचंपण?"

"सफरचंद फळच आहे ना?"

म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच तो दरवाजा बंद करून ठेवलेला. पण पुढे व्हिनेगर होणारच असेल, तर मधल्या दिवसांतलं ते मोजायचं का? दुधाचं दही होताना मधे ते काय असतं? असले प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले. त्यात घरी दारू करणं हा कायद्यानं गुन्हाही आहे हे आठवलं. आबांच्या डिस्टिलरीत कुलपं लावायला सरकारी माणूस असायचा. माझ्या जारला गोणपाट होतं फक्त.

तपासणी मात्र मी रोज करत होते. संध्याकाळी कॉलेजातून आलं की नळी बाजूला करायची, थोडंसं काढायचं आणि चव बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी जिभेला टोचायला लागलं. आठवड्यानं गोडी उतरली. मग एकदा चमच्यानं चवीचा अंदाजच येईना म्हणून वाटी घेतली. आंबट, हलकं, जराशी कडवट चव, आणि वास असा की अख्ख्या सफरचंदालाही तसा येत नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मला ते आवडलं. हे लिहितानाही हात अडखळतोय, पण आवडलं. पन्नास वर्षांत जे तोंडाला लावलं नव्हतं ते मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून स्टीलच्या वाटीतून घेत होते, आणि त्याला तपासणी म्हणत होते.

पंधराएक दिवसांनी लॅक्टोमीटर गळ्यापर्यंत बुडाला. आबा म्हणाले, "झालं हे. आता नळी काढ, त्वांड उघडं कर, फडकं बांध. हवा लागू दे, म्हंजी आंबट हुतंय."

"अजून थोडे बुडबुडे येताहेत, आबा."

बुडबुडे येत नव्हते. आबांनी बाटलीकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा आठवण केली. मी पुन्हा तेच सांगितलं.

पुढचा रविवार. संध्याकाळी विहारात जायचं म्हणून मी पांढरी साडी नेसले होते. आबा पांढरा सदरा घालून त्यांच्या खुर्चीवर तयार बसले होते. हे बाहेर गाडी पुसत होते. निघायच्या आधी एकदा तपासणी उरकून घ्यावी म्हणून मी जारपाशी गेले. गोणपाट वाळून खाली सरकलं होतं. आणि मला रेघ दिसली. रस रेघेच्या चांगला चार बोटं खाली होता.

मी वळले.

"आबा, हे कमी कसं झालं?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "व्हय, कमी झालंय."

"कसं झालं?"

त्यांनी पेपर गुडघ्यावर सरळ केला.

"दिवसभर घरात तुम्हीच असता. तुम्हीच सांगा." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली. "वीस वर्षं झाली म्हणून मी निर्धास्त राहिले. माझंच चुकलं. खुर्ची इथे आली तेव्हाच मला कळायला हवं होतं."

आबांनी पेपरची घडी घातली. सावकाश उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबले. आता त्यांना वाकावं लागलं नाही. पाठीत वाकून त्यांचं तोंड आपोआपच माझ्या तोंडाच्या खाली आलेलं.

"हुंग," ते म्हणाले.

"आबा..."

"हुंग म्हन्तो न्हवं." आणि त्यांनी "हा" केलं.

वास आला. तोच वास, शंकाच नाही. "येतोय" असं मी म्हणणार होते, तोंडही उघडलं होतं. पण काहीतरी चुकत होतं. त्यांच्या श्वासाला चहाचा वास होता, आल्याचा. आणि तो दुसरा वास कुठून येत होता ते मला कळेना. तोंडाचा कुठला, शर्टाचा कुठला, अगदी तसंच. आबा मागे सरकले नाहीत. त्यांचं नाक माझ्या तोंडापाशी होतं. त्यांनी एकदा श्वास आत घेतला. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्या हातावर.

हातात वाटी होती. रेघेकडे बघायच्या आधीच मी ती भरून घेतली होती, आणि त्यातली अर्धी संपली होती. रोज एक वाटी. कधी दोन. सुट्टीच्या दिवशी सकाळीही. प्रयोगशाळेत ब्युरेटमधला अर्धा मिली इकडे-तिकडे झाला तर मी पोरांना धारेवर धरते, आणि इथे चार बोटं रस माझ्याच पोटात गेला होता. मी तो म्हाताऱ्याच्या माथी मारून मोकळी झाले होते.

आबा वळले आणि मागच्या दारानं परसात निघून गेले. आता आबा घरात येणारच नाहीत, असं मला वाटलं. मी वाटी मोरीत ओतली, हात धुतले, पुन्हा धुतले.

तेवढ्यात हे आत आले. "निघायचं ना? आणि घरात कसला वास येतोय गं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या दारातून आबांचा आवाज आला.

"न्हाई येत."

"नाही कसा? मला येतोय की."

"जावईबापू, तुमाला सर्दी झालीया. कसला वास न्हाई न् काय न्हाई. तुमी गाडी काढा."

हे नाक ओढत बाहेर गेले. आबा माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि तळहातावर पेरूची दोन पानं ठेवली. परसातल्या झाडाची. कोवळी बघून, पुसून आणलेली.

"चाव," ते हळूच म्हणाले. "आन मान फिरवून थुंक."

मी चावली. रडायला येत होतं आणि पान तुरट होतं, त्यामुळे दोन्ही धड जमेना.

विहारात बायकांच्या पहिल्या रांगेत, आबांच्या अगदी समोर मी बसले. ते शील सांगत गेले, सगळे मागून म्हणत गेले. चार झाली. पाचवं त्यांनी नेहमीसारखं खणखणीत म्हटलं. सगळे म्हणाले. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

आबा पुढे गेले नाहीत. क्षणभर थांबले आणि तेच पाचवं शील त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मागे कोणीतरी कुजबुजलं, "आबांचं वय झालं आता, इसरत्यात." दुसऱ्या वेळी मी म्हटलं.